हातचा एक

मागच्या २२ डिसेंबरला, म्हणजे रामानुजन यांच्या वाढदिवसाला, आपल्या कॉलेजात राष्ट्रीय गणित दिवसाची पोस्टर स्पर्धा झाली होती, आठवतं का? २०१२ पासून देशभर हा दिवस पाळतात. आपल्याकडेही पाळतात, समोसा आणि चहासह. त्या स्पर्धेत फर्स्ट प्राइज मला मिळालं. पोस्टर पुढे दोन महिने लायब्ररीसमोरच्या बोर्डावर होतं. वर मोठ्या अक्षरांत ‘गणिताचा चमत्कार’ आणि खाली हा पिरॅमिड :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत करत नवव्या ओळीपर्यंत. नववी ओळ सगळ्यात मोठी, लाल स्केचपेनने लिहिलेली :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

सतरा आकडे. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि नऊपासून एकपर्यंत उतरायचं. उलटं वाचा, सुलटं वाचा, संख्या तीच. येणारेजाणारे थांबून बघायचे, मोबाईलवर फोटो काढायचे. परीक्षकांनी रंगसंगतीचं कौतुक केलं. ‘हे असं का होतं?’ हे मात्र त्यांनी विचारलं नाही. मित्रांनी विचारलं नाही. आणि खरं सांगते, मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. नेटवर सापडलं, छान दिसलं, उतरवून काढलं. बस्स!

हा लेख त्या प्राइजबद्दल आहे. मला वाटतं ते मला मिळायला नको होतं. का, ते सांगते.

मे महिन्यात मी घरी सिरोंच्याला गेले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गडचिरोली जिल्ह्याचं नकाशातलं अगदी खालचं टोक. प्राणहिता तिथे गोदावरीला मिळते आणि नदीपलीकडे तेलंगणा लागतो. घरात तेलुगू, कचेरीत मराठी, आणि मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे डोक्यात इंग्रजी. पाढे मी ‘टू टूज आर फोर’ असे शिकले. दुपारी लाइट गेली होती, फॅन बंद, नेटवर्क नाही. शेजारची सातवीतली मुलगी ओट्यावर येऊन बसली. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते. मला ‘अक्का’ म्हणते. इंजिनिअर अक्कावर इम्प्रेशन मारायची सवय असतेच, म्हणून मी मोबाईलमधला पोस्टरचा फोटो तिला दाखवला.

ती ओळीवर बोट फिरवत खाली आली. नवव्या ओळीवर थांबली आणि म्हणाली, “अक्का, मग दहा एक घेतले तर?”

मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “तसंच पुढे. नऊनंतर मध्ये दहा येणार.” आणि तिच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं : १२३४५६७८९१०९८७६५४३२१.

तिने ते बघितलं. काही बोलली नाही. पेन्सिल घेतली आणि चक्क गुणाकार मांडायला लागली. दहा एक, खाली दहा एक. मग एकाखाली एक दहा ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकवलेली. मला हसू आलं. वीस मिनिटांनी ती म्हणाली, “अक्का, तुझं चुकलं. मधे हातचा येतो.”

‘हातचा’ हा शब्द मला कळायला एक सेकंद लागला. आमच्या शाळेत ‘कॅरी’ म्हणायचे. तिचं उत्तर होतं :

१२३४५६७९००९८७६५४३२१

एकोणीस आकडे. आठ गायब, मध्ये दोन शून्यं, आणि उलटसुलट सारखं वगैरे काही नाही. चमत्कार संपला! मी मोबाईल काढला, कॅल्क्युलेटरवर करून बघायला. त्याने उत्तर दिलं ते दहाच्या घातात, पुढचे थोडे आकडे दाखवून बाकीचे गिळून. म्हणजे बरोबर कोण हे सांगायला त्या ओट्यावर फक्त पेन्सिलच होती. मी तिचा गुणाकार तीनदा तपासला. बरोबर होता.

आता तिने काय केलं ते नीट बघू, कारण सगळी गंमत त्यातच आहे. १११ ला १११ ने गुणताना १११ तीन वेळा लिहायचे, दर वेळी एक घर सरकवून. मग उभ्या रकान्यांची बेरीज करायची. पहिल्या रकान्यात एकच एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मग पुन्हा दोन, मग एक. म्हणून १२३२१. त्या रकान्यात किती ‘एक’ आहेत याची ती नुसती मोजणी आहे. नऊ एक घेतले की मधल्या रकान्यात नऊ एक येतात, आणि नऊ एका घरात मावतात. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा येतात. दहा एका घरात मावत नाहीत. शून्य लिहून हातचा एक शेजारच्या घराला द्यावा लागतो. शेजारी आधीच नऊ असतात, ते दहा होतात, तिथेही शून्य आणि हातचा एक. त्याच्या शेजारी आठ, ते नऊ होतात आणि तिथे गाडी थांबते. म्हणून ‘७, ९, ०, ०, ९’. संपूर्ण कारण एवढंच.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना १२३४५६७९ ही संख्या माहीत असेल. तिला ९ ने गुणलं की नऊ एक येतात. तिच्यात ८ का नाही, हे मला बारावीपर्यंत कोडं वाटायचं. त्याचंही उत्तर हेच! १ ला ८१ ने भागा : ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... हा अपूर्णांक म्हणजे खरं तर १, २, ३, ४ अशा संख्या एकेक घर सरकवून मांडल्या आहेत. दहाची पाळी आली की तिचा हातचा नवाकडे जातो, नवाचा आठाकडे, आणि आठाचे नऊ होतात. दोन ‘चमत्कार’, पण कारण एकच. मी मात्र दोन्ही वेगवेगळे पाठ केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुलीने आणखी एक गोष्ट दाखवली. आमच्याकडे दारात रोज मुग्गू घालतात, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. पहिल्या ओळीत एक ठिपका, मग दोन, मग तीन, नऊपर्यंत जायचं आणि परत एकावर यायचं. ती म्हणाली, “अक्का, तुझा मोठा नंबर म्हणजे हेच ना?” अगदी हेच! ठिपके एकूण किती? तिरपे बघितले तर नऊ ओळींत नऊ-नऊ ठिपके, म्हणजे ८१. आणि १२३४५६७८९८७६५४३२१ च्या सगळ्या आकड्यांची बेरीज करून बघा. ८१! दहाच्या रांगोळीत १०० ठिपके असतात, पण १२३४५६७९००९८७६५४३२१ च्या आकड्यांची बेरीज ८२ भरते. अठरा कुठे गेले? दर हातच्याला दहा जाऊन एक येतो, म्हणजे नऊ कमी होतात. दोन हातचे, अठरा कमी. हिशोब चोख.

नववीचे हे ८१ नुसते बेरजेचे नाहीत. त्या सतरा आकडी संख्येला ८१ ने पूर्ण भाग जातो. कारण १११११११११ हे ९ × ३७ × ३३३६६७ आहेत. वर्ग केला की नवाचाही वर्ग होतो. ज्या संख्येला तिच्याच आकड्यांच्या बेरजेने भाग जातो, तिला हर्षद संख्या म्हणतात. दहा एकांच्या वर्गाला हे भाग्य नाही. ती संख्या विषम आहे आणि ८२ सम, मग भाग कसा जाणार?

‘हर्षद’ हे नाव कुणी ठेवलं माहीत आहे? दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर होते. पोस्टग्रॅज्युएशन नाही, विद्यापीठात नोकरी नाही, संशोधनाला ग्रँट नाही. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक निदान नावाने तरी आपण ऐकलेला असतो : कुठलीही चार आकडी संख्या घ्या (चारही आकडे सारखे नकोत), आकडे उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, पुन्हा तेच करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतात. पण माझ्या पोस्टरवरच्या संख्यासुद्धा त्यांच्याच अभ्यासातल्या होत्या, हे मला प्राइज घेताना माहीत नव्हतं! त्यांनी त्यांना ‘डेमलो संख्या’ म्हटलं. डेमलो हे तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन. आजचं डोंबिवली. तिथे त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून ते नाव. लोकलची वाट बघताना आपण काय करतो ते ज्याने त्याने आठवावं.

कापरेकरांच्या कामाकडे तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांनी फारसं गंभीरपणे बघितलं नाही. आकड्यांचे खेळ, एवढीच किंमत. त्यांनी बरंचसं लिखाण स्वतःच छापून काढलं. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग त्यांचं नाव जगभर झालं. १९८६ मध्ये ते गेले.

त्या गणितज्ञांचा आक्षेप अगदीच खोटा नव्हता, हेही मान्य करायला हवं. १२३४५६७८९८७६५४३२१ चं हे सौंदर्य त्या संख्येचं आहे की आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचं? आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत लिहितो. आठ बोटं असती तर ही संख्या अशी दिसलीच नसती. म्हणून काही लोक म्हणतात की हे गणित नव्हे, हे नुसतं अक्षर वळणदार आहे.

पण इथेच ‘का’ विचारण्याचा फायदा दिसतो. ज्याने चमत्कार पाठ केला त्याचा चमत्कार दशमान पद्धतीबरोबर संपतो. ज्याला हातचा कळला तो पुढे जातो. आठाच्या पद्धतीत, म्हणजे ऑक्टलमध्ये, एका घरात सातच मावतात. म्हणजे तिथे पिरॅमिड सात ओळींचा असणार : ११११११११ पर्यंत न जाता ११११११ नंतर आणखी एकच एक वाढवायचा, आणि वर्ग येतो १२३४५६७६५४३२१. हेक्साडेसिमलमध्ये पंधरा मावतात, म्हणून तिथे पंधरा ओळी. शेवटच्या ओळीत नऊनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ असं चढून परत उतरायचं. आणि बायनरीत? तिथे एका घरात एकच मावतो. ११ चा वर्ग १००१, दुसऱ्याच ओळीला खेळ खल्लास. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही. मुलीने हातचा दाखवला, बाकीचं डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समधलं मलाच आठवलं. मार्कांसाठी शिकलेली गोष्ट पहिल्यांदा कशाच्या तरी उपयोगी पडली!

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण आपण इंजिनिअर. आपल्याला कॉम्प्युटर आहे. पेन्सिल कशाला?

सुट्टी संपल्यावर हॉस्टेलला आले आणि पहिल्याच रात्री रूमपार्टनरच्या लॅपटॉपवर बसले. साधा, नऊ एकांचा वर्ग. एक्सेलमध्ये केला : १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे दोन आकडे शून्य, कारण एक्सेल पंधराच आकडे धरतं. सी मध्ये साधा ‘इंट’ घेतला : १६५३७३२५२९. बत्तीस बिटांत मावलं नाही, वरचे बिट सांडले, उरलं ते दाखवलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. ‘डबल’ घेतला : १२३४५६७८९८७६५४३२०. शेवटी एक हवा तिथे शून्य! ‘डबल’ मध्ये दोनाच्या त्रेपन्नाव्या घातापर्यंतचेच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचेच, सगळे पूर्णांक मावतात. त्याच्या थोडं वर गेलं की फक्त सम संख्या राहतात, आणि आपली संख्या विषम आहे. परीक्षेला नेतो त्या दहा आकडी कॅल्क्युलेटरवर केला, तर १.२३४५६७८९९ आणि दहाचा सोळावा घात. ‘लाँग लाँग’ मध्ये आणि पायथनमध्ये उत्तर बरोबर आलं, हेही सांगते. पण ते बरोबर आहे हे मला कशावरून कळलं? उत्तर आधी माहीत होतं म्हणून. माहीत नसतं तर १६५३७३२५२९ मी जर्नलमध्ये उतरवलं असतं आणि त्यावर सहीसुद्धा झाली असती.

यात हसण्यासारखं काही नाही. ४ जून १९९६ ला एरियन-५ हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्या उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी भरकटलं आणि फुटलं. कारण काय, तर चौसष्ट बिटांतली एक संख्या सोळा बिटांच्या घरात कोंबायला गेले. त्या घरात ३२७६७ पर्यंतच मावतं. प्रोग्रॅमचा तो भाग जुन्या एरियन-४ मधून उचललेला होता. तिथे तो व्यवस्थित चालत होता, म्हणजे पिरॅमिड नवव्या ओळीपर्यंत बरोबर होता. नव्या रॉकेटचा वेग जास्त होता. दहावी ओळ आली आणि ‘मग काय होईल?’ हे कुणी तपासलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुठलाही नियम, कुठलाही फॉर्म्युला, कुठलाही सुंदर पॅटर्न कुठपर्यंत चालतो आणि कुठे तुटतो हे ज्याला सांगता येतं, त्यालाच तो समजला असं म्हणावं. बाकी आपण सगळे पोस्टर चिकटवणारे. आपल्या चार वर्षांत आपल्याला पहिल्या नऊ ओळी सतत दाखवल्या जातात. सॉल्व्ह्ड प्रॉब्लेम नऊ ओळींचे, प्रश्नपत्रिकेत येतात ते नऊ ओळींचे, लास्ट इयरच्या झेरॉक्समध्ये त्याच नऊ ओळी. दहाव्या ओळीला मार्क नाहीत. मग ती बघायची कुणी?

सर आणि मॅडमनाही दोष देऊन चालणार नाही. सिलॅबस संपवायचा असतो, सबमिशन असतात, एका बॅचला साठ पोरं. ‘सर, हे का?’ असं विचारलं की मागच्या बाकावरून ‘बस खाली!’ असा आवाज आपल्यातूनच येतो. मीही दिलाय. म्हणून मोठमोठ्या सुधारणा सुचवत नाही. तीन छोट्या गोष्टी मागते.

एक, पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंग लॅबमध्ये पहिलं प्रॅक्टिकल हेच असावं : नऊ एकांचा वर्ग आधी कागदावर, मग इंटमध्ये, मग डबलमध्ये. तीन उत्तरं शेजारी शेजारी लिहायची आणि फरकाचं कारण दोन वाक्यांत. खर्च शून्य.

दोन, दोन्ही हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवणाच्या मेनूचा फळा असतो. त्यावर मेनू तसाही रोज तोच असतो! खालचा अर्धा भाग दर आठवड्याला एका संख्येला द्यावा. ६१७४ पासून सुरू करू. कुणीही यावं, खडूने लिहावं, दुसऱ्याने खोडून दुरुस्त करावं.

तीन, पोस्टर स्पर्धेत परीक्षकांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : ‘हे कुठे तुटतं?’ उत्तर नसेल तर प्राइज नाही. हा नियम मागच्या डिसेंबरला असता तर मी उत्तेजनार्थसुद्धा आले नसते.

आपल्याकडे म्हण आहे, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. प्लेसमेंट, पॅकेज, सर्टिफिकेट कोर्स, सगळं पळतं आहे, त्याच्या मागे धावावं लागतं हे मलाही कळतं. माझंही एज्युकेशन लोन आहे. पण हातातला ‘हातचा’ सातवीतच मिळालेला असतो. मला तो पुन्हा घ्यायला सिरोंच्याला जाऊन एका पोरीकडून चूक दाखवून घ्यावी लागली, कॉलेजची दोन वर्षं पूर्ण झाल्यावर.

जाता जाता : ते जुनं पोस्टर मी हॉस्टेलच्या खोलीत लावलंय. नवव्या ओळीखाली जागा नव्हती, म्हणून एक पट्टी चिकटवून दहावी ओळ लिहिली आहे, दोन शून्यांसकट. वरचं ‘गणिताचा चमत्कार’ खोडलंय. दिवाळीला घरी जाईन तेव्हा अकराव्या ओळीचं उत्तर घेऊन जायचं कबूल केलंय. मी ते काढलं आहे, पण इथे देत नाही. पेन्सिल घ्या आणि तुम्ही काढा. रात्री मेसमध्ये ताडून बघू.